रमाईच्या माहेरची शिदोरी

फेब्रुवारी उजाडला की सातपूर, अंबड, नाशिकरोड, देवळालीकडच्या आपल्या वस्त्यांमधून कोकणच्या गाड्या ठरू लागतात. ७ फेब्रुवारीला त्यागमूर्ती माता रमाईंची जयंती आणि २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचा क्रांतिदिन. त्या निमित्ताने दापोली तालुक्यातले वणंद, मंडणगड तालुक्यातले आंबडवे आणि महाड अशी दोन-तीन दिवसांची फेरी होते. या ठिकाणांच्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. पण तिकडे गेल्यावर आपली माणसे खातात काय, पितात काय आणि पिशव्या भरून घरी आणतात काय, यावर कोणी दोन ओळी लिहीत नाही. आम्हाला हा विषय किरकोळ वाटत नाही. महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबरच मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचीही गोष्ट काढली होती. ज्यांच्या ताटात काय पडावे हे शेकडो वर्षे दुसऱ्यांनी ठरवले, त्यांच्यासाठी ताट ही चळवळीचीच बाब आहे.

वणंद हे रमाईंचे माहेर. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून मासळीच्या टोपल्या वाहून बाजारात पोचवीत आणि त्या हमालीवर घर चालवीत. टोपलीतली मासळी त्यांची नव्हती, ओझे तेवढे त्यांचे होते. आईवडील लवकर गेले आणि लहानगी रमा नातेवाइकांबरोबर मुंबईला आली. पुढे भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची खरेदी-विक्री आटोपल्यावर, रिकाम्या झालेल्या ओट्यांच्या साक्षीने तिचे भीमरावांशी लग्न लागले. लग्नही बाजारात! वणंदच्या स्मारकात अभिवादन करून झाल्यावर दाभोळला जरूर जावे असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठी. वाशिष्ठी नदी तिथे समुद्राला मिळते. एकेकाळचे ते मोठे बंदर आता शांत आहे. खाडी ओलांडून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत माणसांबरोबर मोटारीही चढतात. धक्क्यावर उभे राहून मुलांना एवढेच सांगावे की इथून डोक्यावर ओले टोपले घेऊन रमाईचे वडील निघत. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते मुलांच्या जास्त ध्यानात राहते.

मासळीचा खरा थाट पाहायचा तर हर्णैला. दापोलीहून एस.टी.ने तासाभराच्या आत पोचता येते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि अलीकडे वाळूवर लिलाव. होड्या थोड्या आत थांबतात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणतात आणि वाळूवर ढीग लागतात. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी, मांदेली. बोली बोलणाऱ्याचा वेग असा की आमच्यासारख्या कारकुनाला, आयुष्यभर आकडेमोड करूनही, भाव कितीवर तुटला ते कळत नाही. कोळी, खारवी, दालदी मुसलमान असे सारे दर्यावर पोट असलेले लोक तिथे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतात. मोठे ढीग व्यापारी उचलतात आणि बर्फाच्या पेट्यांत घालून रवाना करतात. आपल्यासारख्यांनी बाजूला बसलेल्या बायांकडून वाटा घ्यावा. भाव करावा, पण पार पडेल इतका करू नये. पहाटेपासून ओल्या वाळूत बसलेली ती बाईसुद्धा आपल्यासारखीच हातावर पोट असलेली आहे. पावसाळ्यात, जून-जुलैत, मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेने जाऊ नये.

जेवणाच्या बाबतीत आमचा अनुभव असा की रस्त्यावरच्या चकचकीत पाटीपेक्षा घरगुती खानावळ बरी. तांदळाची भाकरी, कालवण, तळलेला तुकडा आणि शेवटी सोलकढी. सोलकढी म्हणजे नारळाच्या दुधात कोकमाचे आगळ, लसूण आणि मिरची. आपल्याकडे तिखट रश्श्यावर कांदा-लिंबू, तिकडे ही गुलाबी कढी. पोटाला थंड. सकाळी घावणे किंवा आंबोळी. आणि कुळथाची पिठी! भाताबरोबर वाढलेली गरम पिठी हे कोकणातल्या गरिबाचे अन्न. पावसाळ्यात मासळी नसली की घराघरातून हिचाच आधार. आपली नागली तिकडे नाचणी होते, एवढाच काय तो भाषेचा फरक. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओले काजूगर येऊ लागतात. त्यांची उसळ खाल्ली तर मटणाची आठवण येत नाही, असे आमच्या गाडीतल्या एका पक्क्या मटणवाल्या बंधूंनीच कबूल केले.

आता पिण्याकडे वळू. इथे थोडे स्पष्ट लिहावे लागेल.

नारळाच्या झाडाची पोय छेदून जो रस झिरपतो तो सूर्योदयापूर्वी, आतून चुना लावलेल्या मडक्यात धरला तर नीरा. गोड, निर्मळ, लहान मुलालाही चालेल अशी. तोच रस उन्हात काही तास राहिला की आंबतो आणि त्याची माडी होते. माडी काढणे हे परंपरेने भंडारी समाजाचे काम. दिवसातून दोन-तीनदा उंच झाडावर चढायचे म्हणजे जिवावरची कसरत आहे आणि त्या कष्टाला आम्ही नावे ठेवत नाही. पण आपल्या गाड्यांमधले काही तरुण आणि तरुण म्हणता येणार नाहीत असेही काही जण ‘इथली चव घेऊन पाहू’ म्हणून हर्णैच्या बाजूला सटकतात आणि तास-दोन तासांनी लाल डोळ्यांनी परत येतात. सकाळी वणंदला त्रिसरण-पंचशील आणि दुपारी हे! बावीस प्रतिज्ञांमधली सतरावी दारू न पिण्याची आहे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी ती उभ्याने घेतली. तिच्यात माडी वगळून असे कुठे म्हटलेले नाही.

एका फेरीत यावरून गाडीतच वाद पेटला. एक पदवीधर तरुण म्हणाला, “जपान बौद्ध परंपरेचा देश ना? तिथे समुद्रकाठच्या गावागावात तांदळाची साके गाळतात. प्रत्येक गावाची चव निराळी, लोक मुद्दाम प्यायला जातात. त्यांना चालते, मग आपल्यालाच कसली बंदी?” मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. आम्ही उत्तर जुळवीत होतो तोच मागच्या बाकावरून एक ताई म्हणाल्या, “भाऊ, जपानच्या बाईचा संसार मी पाहिला नाही. माझा पाहिलाय. पगाराच्या दिवशी मी कंपनीच्या गेटावर का उभी राहते, ते जपानला विचारून सांगा.” गाडीत एकदम शांतता पसरली. त्या पोराने मान खाली घातली. पुढे महाडला उतरल्यावर त्याने त्या ताईंची पिशवी उचलली, तेवढे आम्ही पाहिले.

हा प्रश्न आपल्या नाशिककरांना कोकणापेक्षा घरात जास्त भिडतो. आपला जिल्हा आता द्राक्षांबरोबर वाईनसाठी ओळखला जातो आणि नाशिकच्या वाईनला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बाहेरगावचे पाहुणे ‘नाशिकची आठवण’ म्हणून बाटली घेऊन जातात. द्राक्षबागांतून छाटणीला, खुडणीला जाणाऱ्या मजुरांत आपल्या बायाबापड्या आहेत. मजुरी रास्त मिळावी म्हणून भांडलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण एखाद्या वस्तूला गावाचे नाव चिकटले म्हणून ती आपल्या घरात आलीच पाहिजे असे थोडेच आहे?

आणि नारळाचेच म्हणाल तर नाशिकच्या बौद्धांचे त्याच्याशी नाते फार जुने आहे. आपल्या त्रिरश्मी लेण्यांमध्ये, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात भिक्खूसंघासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव दिल्याचे कोरले आहे. त्यातले दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे महिना एक टक्का व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने ठेवले. व्याजातून भिक्खूंच्या चीवराचा खर्च. आमच्या बी.कॉम.ला हे शिकवले असते तर जमाखर्च जास्त गोडीने शिकलो असतो. त्याच लेखात कापूर आहारातल्या चिखलपद्र नावाच्या गावी नारळाची आठ हजार झाडे दान दिल्याची नोंद आहे. आमच्या घरी सोलकढीसाठी नारळ फुटतो तेव्हा आम्ही मुलांना ही आठ हजार झाडे सांगतो. लेण्यांवर सहलीला जाणाऱ्या शिक्षकांनीही सांगावीत.

घरी आणायचे काय? जपानी माणसे गावाला गेली की तिथल्या खाण्याची डबी शेजाऱ्यांसाठी, कचेरीतल्या सोबत्यांसाठी हमखास आणतात. ओमियागे म्हणतात तिला. आपल्याकडे माहेराहून येणारी लेक शिदोरी आणते, ती गल्लीत वाटली जाते. वणंद हे रमाईचे माहेर, म्हणून आम्ही या खरेदीला माहेरची शिदोरीच म्हणतो.

पहिला मान सुक्या मासळीचा. सोडे, सुकट, बोंबील, वाकटी. आपल्या घरांमध्ये महिनाअखेरीला भाजी परवडत नाही तेव्हा सुकटीच्या चटणीनेच भाकरी गेलेली आहे. अलीकडे मात्र फ्लॅटमध्ये राहायला गेलेले आपलेच काही लोक वासाची लाज धरतात, शेजारी नाक मुरडतील म्हणून बोंबील भाजायचे सोडतात. आम्हाला याचे वाईट वाटते. शेजाऱ्याच्या फोडणीचा वास आपण सोसतोच ना? सुकट घेताना मुठीत धरून पाहावी. कुरकुरीत हवी, ओलसर नको, आणि तळाशी वाळू नको. सोडे लालसर, अखंड असावेत. फार पांढरे मीठ फुललेले असेल तर वजन मिठाचे पडते. कागदात, मग प्लॅस्टिकमध्ये आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात, अशी तिहेरी बांधणी करावी. नाहीतर परतीच्या गाडीत डायव्हर बोलतो.

त्यानंतर आमसूल आणि आगळ. कोकमाची साल त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवली की आमसूल होते. आगळ खारवलेले असते. ते चाखूनच घ्यावे आणि घरी मीठ बेताने घालावे. कुळथाचे पीठ सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. काजू, आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे खिशाप्रमाणे. शक्यतो बचतगटाच्या बायांच्या टेबलावरून घ्यावे, पैसा करणाऱ्या हातात पडतो. हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले असले तरी फेब्रुवारीत ‘अस्सल हापूस’ म्हणून पेटी पुढे केली तर हात मागे घ्यावा, तेव्हा तो आपल्या खिशाचा नसतो.

नारळाच्या हिरांचे खराटेही स्वस्त मिळतात. आमच्याबरोबरच्या एका वृद्ध मावशींनी दोन घेतले. कुणीतरी म्हणाले, मावशी, बाबासाहेबांच्या गावाहून खराटा नेता? मावशी म्हणाल्या, “अंगण झाडायला नेते रे बाबा. पाठीला बांधायचा काळ त्यांनीच संपवलाय.”

वेळ असेल तर दापोली तालुक्यातलीच पन्हाळेकाजी लेणी पाहून यावीत. नदीकाठी एकोणतीस लेणी आहेत, आरंभीची बौद्धांची. तिथे खाण्याची सोय धरून चालू नये. भाकरी आणि सुकटीची चटणी बरोबर असू द्यावी.

गेल्या फेरीपासून आमच्या गाडीने एक पद्धत पाडली आहे. जेवणाचा आणि खरेदीचा सामायिक पैसा दोन बायांकडे राहतो, पुरुषांच्या खिशात फक्त चहापुरते. हर्णैला तासाभराचा थांबा, पण घरटी एक बाई आणि एक पुरुष बरोबरच उतरायचे. पहिल्यांदा कुरकुर झाली. परतीला हिशेब मांडला तेव्हा शिल्लक निघाली आणि त्या शिलकीचे सोडे घेतले. पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर ते वांग्यात शिजले. पंधरा मिनिटे पाण्यात भिजवून, आपला काळा मसाला घालून, उतरवताना चार आमसुले टाकून. पातेले मोठे होते, तरी बाहेर खेळणाऱ्या पोरांना रस्साच मिळाला.