गिटारच्या लाकडाची छिद्रे कशाने भरावीत?

हाताने गिटार बनवणाऱ्या कारागीर बंधूंची एक नेहमीची तक्रार असते. वाद्य कारखान्यातून निघते तेव्हा आरशासारखे गुळगुळीत असते, पण चार-सहा महिन्यांनी त्याच्या पाठीवर बारीक रेघा आणि खड्डे दिसू लागतात. गिऱ्हाईक वाद्य परत घेऊन येतो, आणि दोष पॉलिशवाल्याच्या माथी जातो. खरे पाहता बहुतेक वेळा दोष पॉलिशचा नसतो, त्याच्या खालच्या भरण्याचा असतो. आमचा धंदा कापडाचा आहे. दुकानात मापून दिलेले कापड पहिल्या धुलाईत आटले की काय होते ते आम्ही रोज पाहतो. लाकडातला भरणाही तसाच आटतो, फक्त त्याला महिने लागतात. तोपर्यंत पैसे हातात आलेले असतात आणि खर्चही झालेले असतात.

भरणा म्हणजे काय, ते आधी पाहू. शिसव, महोगनी, अक्रोड, सागवान या लाकडांत झाडाने पाणी वाहून नेण्यासाठी केलेल्या बारीक नळ्या असतात. लाकूड चिरले की त्या नळ्या उघड्या पडतात आणि पृष्ठभागावर छोट्या चरांसारख्या दिसतात. त्यावर सरळ लॅकर मारले तर ते चरांत उतरते आणि वरून आरसा दिसत नाही. म्हणून आधी हे चर भरून सपाट करायचे. याला बाजारात ग्रेन फिलर म्हणतात.

मात्र सगळ्या गिटारला तो लागत नाही. वरची फळी, जिला सतारवाले तबली म्हणतात, ती बहुधा स्प्रूस किंवा सीडरची असते. या जातीच्या लाकडात अशा नळ्याच नसतात, तेव्हा तेथे फिलर लावणे म्हणजे पैसे घालून आवाज दाबणे. मेपललाही गरज नाही. ज्या पट्टीवर पडदे बसवतात तीही सोडावी. काम असते ते पाठ, बाजू आणि मान यांचे. फिलर लावण्यापूर्वी वरची फळी कागद चिकटवून झाकावी. शिसवाची गडद भुकटी पांढऱ्या स्प्रूसमध्ये एकदा शिरली की सहजी निघत नाही.

आता माल कोणता घ्यावा? सर्वांत जुना आणि स्वस्त प्रकार म्हणजे खडूची भुकटी किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस, त्यात रंग आणि चपडीचे पाणी. आपले फर्निचरवाले आजही हेच वापरतात. कपाटाला ते चालते. गिटारला चालत नाही, कारण काही वर्षांनी छिद्रांतली भुकटी पांढरी पडून दिसू लागते आणि काळ्या शिसवावर ती लपत नाही.

तेलाचा फिलर, म्हणजे अळशीचे तेल, रंग आणि दगडाची बारीक पूड, हा जुन्या कारखान्यांचा माल आहे. रंग छान बसतो, रेषा उठून दिसतात, आणि तो फार आटतही नाही. आडव्या दिशेने घासून भरायचा, जरा घट्ट होऊ लागला की गोणपाटाने आडवाच पुसून काढायचा. याचा ऐब एकच, वेळ. डब्यावर चोवीस तास लिहिलेले असले तरी आपल्या दमट हवेत तीन-चार दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त थांबावे लागते. घाई केली तर आतले तेल वरच्या लॅकरला धरू देत नाही, आणि पृष्ठभाग राखाडी, धुरकट दिसतो.

पाण्याचा फिलर झटपट वाळतो, वास नाही, हात पाण्याने धुता येतात. नवशिक्याला तोच आवडतो. पण पाणी उडून गेले की माल आटतो, म्हणून दोन-तीन हात द्यावेच लागतात. पाण्याने लाकडाचे रोमही उभे राहतात, ते पुन्हा घासावे लागतात. आणि रंग न मिसळता शिसवात भरला तर प्रत्येक छिद्र फिकट ठिपक्यासारखे दिसते. महोगनीच्या मानेला मात्र, रंग नीट जुळवला तर, हा माल वाईट नाही.

आज बरेच गिटारवाले दोन डब्यांचे इपॉक्सी वापरतात, आणि आमच्या मते विकाऊ मालासाठी तेच बरे. त्यात उडून जाणारे पाणी किंवा पातळक नसते, म्हणून ते जवळजवळ आटतच नाही. पारदर्शक असल्याने रंग जुळवण्याची कटकट नाही, उलट शिसवाचा रंग अधिक गहिरा होतो. दोन्ही भाग मापात मिसळून प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने रेषेला तिरके ओढायचे, जादा माल काढून घ्यायचा, पूर्ण कडक झाल्यावर घासायचे, आणि पुन्हा एक हात. घासताना कुठे लाकूड उघडे पडले तर तेथे फिकट डाग दिसतो, त्यावर शेवटी पातळ हात फिरवला की तो जातो. शिसवाच्या काही जातींत निसर्गतःच तेल असते, म्हणून आधी स्पिरिटने पुसून घ्यावे. हातमोज्यांशिवाय इपॉक्सीला हात लावू नये. अंगाला एकदा त्याची ॲलर्जी झाली की पुढे थोड्या मालानेही खाज सुटते, आणि ज्याचे पोट हातावर आहे त्याला हे परवडणारे नाही.

चौथा मार्ग स्पेनच्या जुन्या गिटारवाल्यांचा. चपडी, स्पिरिट आणि प्युमिस या ज्वालामुखीच्या दगडाची बारीक पूड, एवढेच साहित्य. कापडी बोळ्याने गोल गोल घासत गेले की पूड लाकडाचाच अंश खरवडते, त्यात चपडी मिसळते, आणि छिद्रे लाकडाच्याच रंगाने भरतात. आवाजाला हा सर्वांत हलका. कष्ट मात्र दिवसांचे, आणि घाम किंवा सांडलेले पाणी चपडीला सोसत नाही. मिरजेत सतार आणि तंबोरा बनवणाऱ्या कारागिरांकडे तून लाकडावर चपडीचे पॉलिश करण्याचा हात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्याचा हात बोळ्यावर बसलेला आहे, त्याने महाग शास्त्रीय गिटारसाठी हा मार्ग जरूर धरावा. परदेशी गिऱ्हाईक अशा कामाची कदर करतो. ज्याला महिन्याला दहा नग काढायचे आहेत, त्याचा मात्र हिशेब जमणार नाही.

लाकूड महाग आहे, म्हणून प्रयोग वाद्यावर करू नये. शिसवाच्या जातीचे लाकूड २०१७ पासून साइटिस करारात आहे. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. तेव्हा त्याच पाठीच्या कापातून उरलेल्या तुकड्यावर सगळे काम क्रमाने करून पाहावे: चपडीचा पातळ हात, फिलर, पुन्हा चपडी, मग लॅकर. मधली चपडी मेण काढलेली घ्यावी, कारण मेणावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही. तो तुकडा महिना-दोन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवून तिरप्या उजेडात पाहावा. कापडाचा व्यापारी ठाण घेण्यापूर्वी चिंधी धुऊन पाहतो, तसेच हे. काही फिलर आणि लॅकर एकमेकांना मानत नाहीत, तेही येथेच कळते. शक्य तर दोन्ही एकाच कंपनीचे घ्यावेत.

कारखान्यात मुले शिकत असतील तर घासकामाच्या वेळी त्यांच्या तोंडावर चांगला मास्क बांधावा. अनेक फिलरमध्ये सिलिकाची पूड असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. साधा रुमाल पुरत नाही. आणि तेलाचा फिलर पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचे तेल वाळताना तापते आणि ढिगातल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.