तूर मंठ्याची, तूर मोझांबिकची

"सरकारनं आफ्रिकेत जमिनी घेतल्या, तिथं तूर पेरली आणि आपली तूर मातीमोल केली." २०१७ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला म्हणून मापं थांबली, तेव्हापासून हे वाक्य फिरतंय. जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात कपाशीत आणि सोयाबीनमध्ये तुरीचे तास असतातच, त्यामुळे इथल्या माणसाला ते पटकन पटतं. वाक्यामागचा संताप खरा आहे. त्यातली माहिती मात्र बरीचशी चुकीची आहे, आणि ती दुरुस्त केली नाही तर आपण चुकीच्या माणसावर रागावून बसू.

गैरसमज : भारत सरकारनं मोझांबिकमध्ये जमीन घेतली.

जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी जो करार झाला, तो जमिनीचा नव्हता, डाळी विकत घेण्याचा होता. पहिल्या वर्षी १ लाख टन आणि २०२०-२१ पर्यंत वाढवत २ लाख टन, असं ठरलं. तूर पिकवणार तिथलेच लहान शेतकरी. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती, त्या धसक्यातून हा करार झाला.

मग २०१७ मध्ये भाव का पडला? २०१५-१६ च्या दुष्काळात देशात २५ लाख टनांच्या आसपास तूर झाली होती. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, भाव पाहून सगळ्यांनी तूर पेरली आणि उत्पादन ४८ लाख टनांच्या आसपास गेलं. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल होता आणि बाजारात व्यापारी ४ हजारांच्या आसपास मागत होते. मोझांबिकचे १ लाख टन या ढिगात किती, हे ज्याचं त्यानं मोजावं. ढीग मुख्यतः घरचाच होता. सरकारचा दोष आहे तो वेगळा: पेरा किती झाला हे दिसत असताना इतर देशांतूनही तूर येऊ दिली आणि खरेदीची तयारी वेळेत केली नाही.

या गोष्टीची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भारतानं तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकमध्ये तुरीची काढणी नेमकी त्याच सुमारास होते. झांबेझिया आणि नांपुला प्रांतांतल्या शेतकऱ्यांनी भारताच्या भरवशावर तूर लावली होती. ती तूर भारताशिवाय घेणारं फारसं कुणी नाही. तिथला भाव कोसळला. म्हणजे एकाच वर्षात मंठ्याचा शेतकरी आणि झांबेझियाचा शेतकरी दोघेही तुरीवर बसून राहिले.

गैरसमज : परदेशी जमिनी घेणं हे अरबांचं आणि चीनचं काम; आपण त्यातले नाही.

आपण त्यातले आहोत. बंगळुरूची करुतुरी ग्लोबल ही एके काळी गुलाबाच्या फुलांसाठी जगभर ओळखली जाणारी कंपनी. तिला इथिओपियाच्या गांबेला प्रांतात ३ लाख हेक्टर देऊ केले गेले आणि त्यातल्या १ लाख हेक्टरचा करार झाला. सुरुवातीचा ठोका हेक्टरी वर्षाला २० बिर, म्हणजे त्या वेळचे साठेक रुपये. आपल्याकडे ठोका किंवा बटई पाडव्याला ठरते आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा बोलणी होतात. तिथे करार दशकांचे होते. या व्यवहारांना "खरेदी" म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी ते असे लांब मुदतीचे भाडेपट्टेच असतात.

आणि हे फक्त खासगी कंपनीच्या डोक्यातलं खूळ नव्हतं. हरियाणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपिंदरसिंग हुडा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रानं नेमलेल्या कार्यगटानं २०१० मध्येच डाळी आणि तेलबियांसाठी भारतीय कंपन्यांनी परदेशात जमिनी घ्याव्यात असं सुचवलं होतं.

गैरसमज : तिकडे जमीन पडीकच आहे. कुणी कसली तर बिघडलं काय?

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण हा गैरसमज समजून घ्यायला मराठवाड्याच्या माणसाला गांबेलाला जायची गरज नाही. आपला सातबारा काढा. "पोटखराबा" म्हणून जे क्षेत्र लावलेलं असतं, ते कागदावर लागवडीला निरुपयोगी. प्रत्यक्षात तिथे शेळ्या चरतात, सरपण मिळतं, पावसाळ्यात रानभाजी मिळते. गायरानाचं तर त्याहून मोठं. सातबाऱ्यावर नाव सरकारचं, पण मराठवाड्यात हजारो भूमिहीन कुटुंबांनी, त्यातही दलित कुटुंबांनी, पिढ्यान्‌पिढ्या दगड वेचून ही जमीन कसली. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून हा लढा चालू आहे. राज्य सरकारनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय घेतला, तरी अनेकांचं नाव अजून सातबाऱ्याला लागलेलं नाही. कसणारा एक, कागदावर दुसरा, आणि कागदालाच किंमत.

गांबेलातही असंच आहे. इथिओपियात जमिनीची मालकी राज्याची. अनुआक लोक तिथे फिरती शेती करतात, एक तुकडा काही वर्षं कसून मोकळा सोडतात आणि पुन्हा त्याच्याकडे येतात. नुएर लोक गुरं घेऊन फिरतात. ज्या वर्षी तुकडा मोकळा, त्या वर्षी उपग्रहाच्या चित्रात तो रिकामा दिसतो. ह्यूमन राइट्स वॉचनं २०१२ मध्ये लिहिलं की सरकार या प्रांतातल्या सुमारे ७० हजार लोकांना नव्या वसाहतींत हलवत आहे आणि अनेकांची त्याला संमती नाही. इथिओपियाच्या सरकारनं हे आरोप नाकारले. जालना-नांदेड महामार्गाच्या मोजणीत मंठा तालुक्यातल्या लोकांना निदान नोटीस आली, हरकत घेता आली, मोबदला कमी म्हणून भांडता आलं. ज्याच्याजवळ कागदच नाही, तो हरकत कशावर घेणार?

गैरसमज : निदान भुकेल्यांना धान्य तरी मिळतं.

करुतुरीचं काय झालं पाहा. बारो नदीला २०११ मध्ये पूर आला आणि मक्याचं उभं पीक गेलं. ती जमीन पुराची आहे, हे तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक होतं. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनं करार रद्द केला, कारण १ लाखापैकी जेमतेम १,२०० हेक्टर लागवडीखाली आली होती. दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीला २००८ मध्ये मादागास्करमध्ये १३ लाख हेक्टर ९९ वर्षांसाठी हवे होते. लोक रस्त्यावर आले, २००९ मध्ये तिथलं सरकारच गेलं आणि करारही गेला. जिथे शेती झाली, तिथेही पुष्कळदा पामतेल, ऊस, फुलं हीच पिकं निघाली.

आणि जमिनीबरोबर पाणी जातं, हे दुष्काळी भागात वेगळं सांगायला नको. सौदी अरेबियानं वाळवंटात गहू पिकवून भूगर्भातलं पाणी संपवत आणलं, २००८ पासून ती शेती आवरती घेतली आणि तिथल्या एका दुग्ध कंपनीनं २०१४ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनात जमीन घेतली, गुरांना लसूणघास पिकवायला. अ‍ॅरिझोनाही वाळवंटच. शेजाऱ्यांच्या विहिरी आटू लागल्याची ओरड झाली आणि २०२३ मध्ये राज्यानं त्या कंपनीला दिलेल्या सरकारी जमिनींचे भाडेपट्टे थांबवायला सुरुवात केली. शेजारच्या वावरात ८०० फुटांचा बोअर पडला की आपल्या विहिरीचं काय होतं, हे मंठ्यात कुणालाही विचारा.

गैरसमज : उद्या परदेशी कंपन्या आपल्या गावच्या जमिनीही घेतील.

याला कायद्याची आडकाठी आहे. परदेशी नागरिकाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, अनिवासी भारतीयालाही नाही. वारसानं आली तर गोष्ट वेगळी. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आहे, त्यामुळे बिगर-शेतकऱ्यालाही परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. जे संरक्षण आपल्याला हवंसं वाटतं, तेच अनुआक माणसाला नाकारून आपली डाळ पिकवावी, हे मला कुठल्याच बाजूनं पटत नाही.

देशाला डाळ कमी पडते आणि बाहेरून आणावी लागते, हे खरं. ती झांबेझियाच्या शेतकऱ्याकडून पीक म्हणून घ्यावी, त्याची जमीन घेऊ नये. किती टन, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या भावानं घेणार, हे तिथल्या पेरणीआधी त्याला सांगावं आणि मृगाआधी मंठ्याच्या शेतकऱ्याला. २०१७ मध्ये दोघांनाही काढणी झाल्यावरच कळलं.