तांब्यात खोदलेली घारापुरीची सावली

झाडाखालची गर्द सावली रंगवायला काय लागतं? रंग आणि कुंचला, असं आपण पटकन म्हणून जातो. पण मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरच्या मोठ्या लेण्याच्या दाराचं 1800 च्या सुमारास छापलेलं एक चित्र आहे. वर कड्यावर झाडझाडोरा, खाली खांबांच्या मागे काळोख. त्यातली सावली कुंचल्याच्या कितीतरी आधी ॲसिडने तयार केली आहे!

हे चित्र थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांचं. काका उमेदवारीत बग्ग्या रंगवायला शिकलेला, पुतण्या घरून निघाला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. 1786 मध्ये कलकत्त्याला उतरून, देश पालथा घालत दोघे 1793 मध्ये मुंबईला पोचले. तिथे त्यांना जेम्स वेल्स भेटला. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र रंगवणारा, आपल्या चित्रकार गंगाराम तांबटाला हाताशी घेणारा वेल्स तो हाच. त्याला लेण्यांचं वेड होतं. अशा माणसाची सोबत मिळाल्यावर डॅनियलना घारापुरी किती लांब?

तेव्हा युरोपातले चित्रकार रान, पडके मठ आणि त्यांच्यापुढे इवलीशी दिसणारी माणसं यांनी झपाटले होते. इथे तर देऊळच डोंगराच्या पोटात होतं, आणि माथ्यावर रान माजलेलं!

पण रेखाटन वहीत असतं. त्याच्या शेकडो प्रती कशा काढायच्या, आणि त्याही सावलीसकट? रेघ तांब्यावर कोरता येते. सावलीला रेघ कुठे असते?

युक्ती अशी. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसू द्यायची. पत्रा खालून तापवला की कण अर्धवट वितळून जागीच चिकटतात. मग पत्रा ॲसिडमध्ये. किहीमच्या किनाऱ्यावर लाट मागे सरताना खड्याभोवतीची वाळू ओढून नेते आणि खड्याखालची तेवढी राहते, ते आठवा. ॲसिड तसंच कणाकणाभोवतीचं तांबं खातं. उरतात डोळ्यांना न दिसणारे खळगे. त्यांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओला कागद ठेवून रुळाखालून दाबून काढायचा. कागदावर रेघ एकही नाही, नुसती छटा!

आता खरी कमाल बघा. आकाशापुरती फिकट छटा खोदली गेली की पत्रा बाहेर काढायचा, आकाशावर वार्निश फासायचं, पुन्हा बुडवायचं. मग उन्हातली पानं झाकायची, पुन्हा बुडवायचं. सगळ्यात शेवटपर्यंत उघडा राहतो तो लेण्याच्या आतला भाग. म्हणजे काळोख किती दाट, हे ॲसिडमधला वेळ ठरवतो. वेळ जास्त झाला तर पान काळवंडणार, आणि ते पुन्हा उजळ करणं सोपं नाही. शिवाय छाप उलटा उमटतो, म्हणून अख्खं बेट आधी आरशातल्यासारखं उलटं मांडायचं. रंग भरायचे ते छापून झाल्यावर, प्रत्येक प्रतीवर, हाताने.

मला सगळ्यात थक्क करते ती वेगळीच गोष्ट. घारापुरीच्या कारागिरांनी सुमारे सहाव्या शतकात आत अंधार आणला तो बेसॉल्ट काढून टाकून. डॅनियलनी तोच अंधार कागदावर आणला तो तांबं काढून टाकून! दोन्हीकडे चूक झाली तर काढलेलं परत बसवता येत नाही. लेणं कसं झालं असेल याची इतकी जवळची ओळख कुंचल्याने कधी झाली असती का?

असे 144 देखावे ‘ओरिएंटल सीनरी’ या मालेत 1795 ते 1808 या काळात निघाले, आणि पत्र्यांचं बरंचसं काम त्या पुतण्याच्या हातचं. मूळ प्रत कुठे पाहायला मिळालीच तर सावलीवर भिंग धरा. काळ्या शाईच्या जाळीत पांढरे ठिपके दिसतील. राळेचा एकेक कण चिकटून बसला होता, त्याच त्या जागा.