तासापुरते सर

बिलाचा कागद साधाच असतो. तारीख, वर्ग, तासिका, शिकवलेला घटक, सही. महिनाअखेरीला तो विभागप्रमुखांकडे जातो, तिथून प्राचार्यांकडे, मग सहसंचालक कार्यालयाकडे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, मराठी शिकवणाऱ्या एका सरांनी मला गेल्या दिवाळीच्या महिन्याचं बिल दाखवलं. सुट्टीचे दिवस एका तिरक्या रेघेने बाद केलेले होते. "सुट्टीला तास नाही आणि तास नाही तर पैसे नाहीत," असं म्हणत त्यांनी कागदाची घडी डब्याच्या पिशवीत सरकवली. सर सेट झालेले, पीएच.डी. झालेले, अकरा वर्षं शिकवताहेत. पण कायम प्राध्यापकांच्या मस्टरवर त्यांची सही नसते. सीएचबीवाल्यांचं मस्टर वेगळं.

सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस. शासनाच्या भाषेत तासिका तत्त्व. ही सोय मुळात तात्पुरती. कोणी रजेवर गेलं, कोणी निवृत्त झालं आणि नवी नेमणूक लांबली, तर मुलांचं वर्ष वाया जाऊ नये एवढाच हेतू. पण २०१७ च्या मे महिन्यात राज्याच्या वित्त विभागाने पदभरतीला चाप लावला आणि निवृत्त झालेल्यांच्या खुर्च्या तशाच राहिल्या. २०१८ च्या सप्टेंबरात प्राध्यापक संघटनांनी बेमुदत कामबंद पुकारलं, तेव्हा कुठे नोव्हेंबरात सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला परवानगी मिळाली. त्यांतली २,०८८ भरायचीच राहिली. मध्ये करोना आला. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याच उरलेल्या पदांना पुन्हा मंजुरी द्यावी लागली. म्हणजे एका आंदोलनाने मिळवलेल्या जागा दोनदा मंजूर झाल्या आणि दरम्यान निवृत्त होणारे निवृत्त होतच राहिले.

आता थोडा हिशेब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा किमान चाळीस तासांचा. सहायक प्राध्यापकाने त्यांपैकी सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचं. मग राहिलेले चोवीस? ते वाचायला, तयारीला, संशोधनाला, प्रकल्प तपासायला आणि वर्गात न विचारलेला प्रश्न घेऊन दाराशी घुटमळणाऱ्या पोरीला "ये, बस" म्हणायला. माझ्या मते खरी प्राध्यापकी या चोवीस तासांतच असते. तासिका तत्त्वाने नेमके तेच कापले. व्याख्यान तेवढं विकत घेतलं, बाकीचं फुकटात होईल असं गृहीत धरलं.

ते होत नाही. त्या दिवशीही एक मुलगी वही घेऊन आली होती. सरांना दुसऱ्या गावच्या कॉलेजवर पोचायचं होतं. एका ठिकाणी आठवड्याला साधारण नऊच तासिका मिळतात, त्यावर घर चालत नाही. बोलता बोलता ते एसटी स्टँडकडे निघाले आणि ती गेटपर्यंत सोबत चालत गेली. शंका अर्धीच राहिली.

कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं; त्यावर भत्ते. अतिथी शिक्षकाला तासाला दीड हजार आणि महिन्याला कमाल पन्नास हजार द्यावेत, अशी सूचना आयोगाने जानेवारी २०१९ मध्येच केली होती. आपल्याकडचा दर वाढत वाढत हजाराच्या आसपास आला आहे. तोही दरमहा हातात पडेल याची खात्री नाही. बिलं साचतात, मग एकदम निघतात. किराणा दुकानदाराला हे कसं समजवायचं, हा भाग कुठल्याच शासन निर्णयात नसतो.

त्याच २०१८ च्या नियमांत कंत्राटी नेमणुका एकूण शिक्षकांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात, अशी अट होती. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात ती मर्यादाच गाळली गेली. ठिगळालाच कापड म्हणायचं ठरल्यासारखं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात किमान वेतनश्रेणी देण्याचा आदेश दिला आणि समारंभांत गुरुस्तुतीचा श्लोक म्हणून भागत नाही, असंही सुनावलं.

कायम असलेलेही सुखात नाहीत म्हणा. निम्मा विभाग रिकामा असला की समित्या, परीक्षा, प्रवेश सगळं उरलेल्या दोघा-तिघांच्या गळ्यात पडतं. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, खुले विषय यांचं वेळापत्रक बसवता बसवता नाकी नऊ. नॅकच्या मूल्यांकनासाठी झाड लावलं तरी फोटो अक्षांश-रेखांशासह हवा. पण या दमलेल्यांना निदान एक तारीख ठाऊक असते, पगाराची.

रिकाम्या जागेचा त्रास वरच्या कोणालाच फारसा होत नाही, हे या सगळ्याचं मूळ. सरकारचा पगार वाचतो. संस्थेच्या हाती दरवर्षीची मुलाखत राहते, आणि दरवर्षी मुलाखत द्यावी लागणारा माणूस बैठकीत तोंड उघडत नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या जूनमध्ये मुलाच्या प्रवेशासाठी कॉलेजात जाल, तेव्हा फी आणि हॉस्टेल विचारून झालं की एवढंही विचारा: या विषयाला मंजूर पदं किती, आणि त्यांतली भरलेली किती?