पाळक कोण घडवतो, आणि कोणासाठी?

ख्रिस्ती झालेला आपला माणूस उपासनेला बसतो तेव्हा समोर बोलायला कोण उभा असतो, आणि त्याला तिथे कोणी उभा केला, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. धर्मांतराची चर्चा आपण पुष्कळ केली. धर्मांतरानंतर नव्या धर्मातली अधिकारपदे कोणाच्या हाती गेली, याची केली नाही. कोल्हापूरच्या मंडळीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

रॉयल गोल्ड वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी नगरहून १८५२ साली कोल्हापुरात आला. १८७० मध्ये हे मिशन अमेरिकन प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले. पुढे रत्नागिरी, पन्हाळा, सांगली, मिरज, कोडोली अशी ठाणी झाली. खेड्यापाड्यांतून जे लोक या मंडळीत आले ते प्रामुख्याने महार आणि मांग.

प्रेसबिटेरियन पद्धतीत मंडळी आपले ‘वडील’ स्वतः निवडते, आणि पाळकासह हे वडील कारभार पाहतात. ऐकायला ही लोकशाही आहे. गावकीत ज्याला पंचांसमोर बसायचा हक्क नव्हता त्याला इथे मत मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण एक मेख आहे. बाप्तिस्मा देणे आणि प्रभुभोजन चालवणे हे फक्त दीक्षित पाळकाचे काम. दीक्षा नसलेला माणूस प्रार्थना करील, बायबल वाचील, उपदेश करील, मेलेल्याला मातीही देईल; पण भाकर मोडून वाटणार नाही. म्हणजे ज्या वाडीला पाळक नाही तिने तो येईपर्यंत वाट पाहायची.

ही वाट पाहण्याच्या काळात मंडळी ज्यांनी जगवली ते उपदेशक, शाळामास्तर आणि बायबल-बाया. दिवसा मुलांना बाराखडी, रात्री कंदिलाच्या उजेडात भजन. घरात आजारी असेल तिथे बाईने जायचे. यांचा पगार मिशनकडून येई, आणि ज्याचा पगार त्याचा शब्द. जे मन दिले ते देवाला. पण जाब द्यायचा तो साहेबाला.

दीक्षा कोणाला मिळाली? १८५४ साली नगरच्या दोन मंडळ्यांवर हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक हे एतद्देशीय पाळक नेमले गेले. दोघेही जन्माने ब्राह्मण. मंडळीतले बहुसंख्य लोक मात्र महारवाड्यातले. यात कोणी कट केला असे मी म्हणत नाही. ज्यांच्या हाती अक्षर होते त्यांच्याच हाती व्यासपीठ गेले, एवढेच. आणि आपल्या देशात अक्षर कोणाच्या हाती होते हे सांगायला नको. पगारी सेवेचा काच पुढे ब्राह्मणालाही बोचला. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला तो याच अस्वस्थतेतून.

आज पाळक व्हायचे तर वाट ठरलेली आहे. १८१८ साली स्थापन झालेल्या सेरामपूर कॉलेजला १८२७ च्या डॅनिश सनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. त्याच्या सिनेटची बी.डी. ही पदवी घेण्यात बारावीनंतर पाच वर्षे जातात, आणि शिक्षण मुख्यतः इंग्रजीत. कोडोलीकडचा ऊसतोडीच्या घरातला मुलगा पाच वर्षे बाहेर राहणार, त्याचा खर्च कोणी उचलायचा? उचलला तरी इंग्रजीत धर्मशास्त्र शिकून आलेला तरुण पुन्हा वाडीवर, हंगामाच्या अर्पणावर, संसार चालवील का? न चालवल्यास त्याला दोष देण्याचा मला तरी अधिकार वाटत नाही.

या अडचणीला एक उत्तर दूर ग्वाटेमालात निघाले. तिथल्या प्रेसबिटेरियन सेमिनरीने १९६३ साली विद्यार्थ्याला शहरात बोलावण्याऐवजी शिक्षणच खेड्यात नेले. माणसाने आपले शेत, आपला धंदा सांभाळून घरी पुस्तक वाचायचे आणि ठरल्या दिवशी शिक्षकासमोर बसून त्यावर बोलायचे. भारतात १९७१ साली बंगळुरूला याच पद्धतीसाठी ‘टाफ्टी’ ही संस्था निघाली. ही पद्धत मला मोलाची वाटते. ज्याला मंडळीने आधीच पुढारी मानले आहे त्यालाच ती शिकवते, आणि दुसऱ्याच्या पगारावर टेकत नाही. धोका एकच: शहराला पदवीधर पाळक आणि दलित वस्तीला स्वस्तातला सेवक, अशी नवी उतरंड तिच्यातून तयार होऊ शकते. अभ्यास पुरा करणाऱ्याला दीक्षेचा मार्ग मोकळा असेल तरच हे टळेल.

शिवाय शिकवायचे काय? १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी बोट ठेवले होते: अस्पृश्याचे धर्मांतर झाले की मिशनऱ्याला आपले कर्तव्य संपले असे वाटते, त्याच्या राजकीय हक्कांकडे तो पाहत नाही. धर्मशास्त्राच्या वर्गात याचे पडसाद उमटायला पुढे चार दशके लागली. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात ‘शूद्र धर्मशास्त्रा’ची मागणी केली, आणि त्यातूनच दलित धर्मशास्त्राची वाट निघाली. ते वाडीतल्या उपदेशकापर्यंत मराठीत पोचले पाहिजे.

कारण त्याच्या दारात येणारा प्रश्न मोशेचा नसतो, दाखल्याचा असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्त्यांना नाही. महाराष्ट्रात त्यांची बोळवण इतर मागासवर्गात झाली. मग घरात एक नाव आणि शाळेच्या दप्तरी दुसरे, असे जगणारी कुटुंबे तयार होतात. मुलाचा बाप येऊन विचारतो, ‘पाळकसाहेब, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात याचे नाव घालू का नको?’ या बापाला काय सांगायचे, याचा धडा मला अजून कोणत्याही अभ्यासक्रमात दिसलेला नाही.