मोकळी जागा म्हणजे किती मोकळी?

नगररचना हा काही माझा विषय नव्हे. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन, आणि पुढचं आयुष्य गेलं ओळी जुळवण्यात. तरीही मुंबईच्या मध्यावर जे मनोरे उभे राहिले आहेत आणि ज्या बागांचे आराखडे निघत आहेत, त्यांच्याविषयी बोलायचं धाडस करतो आहे. त्याला कारण आहे. या सगळ्या उलथापालथीच्या मुळाशी एक शब्द आहे. तो कळला की अर्धा नकाशा कळतो. शब्द अगदी साधा आहे, 'मोकळी'. मोकळी जागा.

आधी ठिकाण सांगतो. भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंतचा जो पट्टा, त्याला आपण गिरणगाव म्हणतो. 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला, तेव्हा ती जागा शहराच्या टोकाला होती. नंतरच्या गिरण्याही जिथं जमीन स्वस्त आणि रेल्वे जवळ, तिथं परळ-लालबागकडे निघाल्या. पुढं शहर बोरिवली-मुलुंडपर्यंत पसरलं आणि जे टोक होतं ते पोट झालं. 58 गिरण्या आणि त्यांच्याखाली सुमारे सहाशे एकर जमीन, तीही बेटाच्या ऐन मध्यावर. जगातल्या फार थोड्या महानगरांना मध्यवस्तीत एवढी जमीन पुन्हा हाताळायची संधी मिळाली असेल.

ही जमीन दिसायची कशी, ते माहीत असणं पुढच्या गोष्टीसाठी गरजेचं आहे. सूत कातायचं काम मजल्यांच्या इमारतीत चाले, पण विणकामाचं तसं नव्हतं. साचे एकाच वेळी धडाडायला लागले की जमीन हादरायची. म्हणून साचेखातं बहुतेक जमिनीलगत, एकमजली, लांबच लांब शेडमध्ये असायचं. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं आणि काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन आत शिरणार नाही, पण उजेड दिवसभर सारखा मिळेल. माझे मामू अशाच एका शेडमध्ये कामाला होते. राहायला मदनपुऱ्यात, उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या शेजारात. साचेखात्यात त्या विणकरांची वस्ती मोठी होती. मामू घरीसुद्धा ओरडूनच बोलायचे आणि आम्ही काय म्हणतो ते ओठांकडे बघून ओळखायचे. साच्यांनी कान नेले होते. सांगायचा मुद्दा हा, की गिरणीची बरीचशी जमीन अशा बुटक्या, पसरट शेडनीच व्यापलेली होती. आवार मोठं, पण त्यात उघडं अंगण थोडं.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप औपचारिकपणे मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या त्याआधीच आजारी होत्या, त्यानंतर एकेक करून मिटत गेल्या. आणि मग प्रश्न आला जमिनीचा.

1991 साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत त्याचं उत्तर लिहिलं गेलं. नियमाचा क्रमांकही 58. उत्तर ढोबळमानानं असं होतं: मालकाला गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे करावेत. एक महापालिकेला, बागा-मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला मालकाचा. सहाशे एकरांचे तीन वाटे म्हणजे प्रत्येकी दोनशे एकर! राणीची बाग पन्नासेक एकरांची आहे. म्हणजे चार राणीच्या बागा आणि तेवढ्याच जमिनीवर सामान्य माणसाची घरं. 1996 साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं एक अभ्यासगट नेमला. त्यानं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्र विचार करून आराखडा दिला. तुकड्या-तुकड्यानं बांधू नका, सगळ्या जमिनी एका नकाशावर मांडा, रस्ते, स्टेशनं आणि मोकळ्या जागा यांची सांगड घाला, असा त्याचा रोख होता. तो आराखडा कागदावरच राहिला.

मालक मात्र पुढं येईनात. दोन वाटे देऊन एक ठेवायचा, हे त्यांना पटलं नाही. जुन्या इमारती न पाडता आतून बदलायची मुभा नियमात होतीच, तिचा उपयोग करून कुठं कचेऱ्या, कुठं उपाहारगृहं निघाली. दहा वर्षांत वाटणी फार थोड्या ठिकाणी झाली. मग 2001 साली नियम बदलला. आता आपला शब्द आला. वाटणी करायची ती गिरणीच्या 'मोकळ्या' जमिनीची, असं ठरलं. मोकळी म्हणजे ज्यावर त्या वेळी बांधकाम नव्हतं ती. शेड पाडल्यावर जी जमीन उघडी पडेल, ती या व्याख्येत धरायची नाही.

सोपं उदाहरण घेऊ. समजा, एक गिरणी बारा एकरांची आहे. नऊ एकरांवर साचेखातं, गोदाम, बॉयलर, चिमणी. तीन एकर उघडं आवार. जुन्या नियमानं बागेला चार एकर, घरांना चार आणि मालकाला चार. नव्या अर्थानं वाटणी फक्त तीन एकरांची, म्हणजे बागेला एक, घरांना एक आणि मालकाकडे उरले दहा. शेडच्या जागेवर उद्या पन्नास मजले चढले तरी ती जागा कायद्याच्या भाषेत 'मोकळी' कधी झालीच नाही. मामूंच्या डोक्यावरचं ते करवती छप्पर पाडल्यावरही हिशेबात उभंच राहिलं. आम्ही कवी शब्द वाकवतो म्हणून आमची थट्टा होते, पण शब्द वाकवून एवढी जमीन मिळवणं आमच्यापैकी कुणाला जमलेलं नाही.

सरकारची बाजूही सांगायला हवी. जुन्या नियमानं काहीच हलत नव्हतं. जमीन विकली गेली तरच कामगारांची थकलेली देणी देता येतील, हा युक्तिवाद खोटा नव्हता. वर्षानुवर्षं पैसे अडकलेल्या कामगाराला बागेपेक्षा ते पैसे मोलाचे होते, यात त्याचं काय चुकलं? पर्यावरणवाद्यांची याचिका उच्च न्यायालयात गेली. मध्येच 26 जुलै 2005 उजाडला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी मुरायला माती नसली की काय होतं ते शहरानं पाहिलं. त्याच ऑक्टोबरात उच्च न्यायालयानं याचिकाकर्त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवून 2001 चा बदल वैध ठरवला. दरम्यान 2005 सालीच महामंडळाच्या पाच गिरण्यांचा लिलाव झाला होता. त्यातल्या एकट्या मुंबई टेक्सटाइल मिलला 702 कोटी रुपये आले. तेव्हाचे ते आकडे ऐकून लालबागच्या खानावळीत जेवणारे लोक हसायचे, रडायचं तरी किती, म्हणून.

पुढं काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. गिरणीचा कामगार कामावर चालत जायचा. चाळ आणि गिरणी यांच्यात दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, आणि कामाच्या पाळ्या तीन, त्यामुळे माणसं भोंग्यागणिक विभागलेली. त्याच जमिनीवर कचेऱ्या आल्या तेव्हा माणसं विरार, कल्याण, पनवेलहून येऊ लागली, आणि सगळी सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला. स्टेशनांचे पूल मात्र जुन्या काळच्या मापाचेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. त्यानंतर लष्कराकडून नवा पूल बांधून घेतला, तो 2018 मध्ये खुला झाला. स्टेशनचं नावही प्रभादेवी झालं. इमारतींना परवानगी देताना पुलाची रुंदी मोजली असती तर लष्कर बोलवावं लागलं नसतं.

आता बागांकडे वळू. नव्या मनोऱ्यांच्या जाहिरातीत हिरवळ भरपूर असते. ती बहुतेक पोडियमवर असते. पोडियम म्हणजे खालच्या चार-सहा मजल्यांच्या वाहनतळाची गच्ची. तिथं माती हात-दोन हात, तिच्यात वड-पिंपळ वाढणार नाहीत आणि पाऊसही जमिनीत मुरणार नाही. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेसंबंधीच्या खटल्यात सांगितलं, की नियमानं आवश्यक असलेली किमान करमणुकीची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची चालणार नाही. इथं न्यायालयानं शब्दाला त्याचा साधा अर्थ परत दिला. मला हा निकाल फार आवडतो.

चाळींच्या बाबतीत मात्र मी आमच्या काही कविमित्रांशी सहमत नाही. चाळ गेली म्हणून गळे काढणाऱ्यांनी बहुधा पहाटे सार्वजनिक संडासाच्या रांगेत बादली धरलेली नसावी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या. एका इमारतीत ऐंशी खोल्या, एक खोली 160 चौरस फुटांची. तिथल्या कुटुंबांना आता 500 चौरस फुटांची घरं मिळत आहेत. वरळीत पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या 14 ऑगस्ट 2025 रोजी दिल्या गेल्या. ज्या आईनं चाळीस वर्षं पडद्याआड आंघोळ केली, तिला दाराला कडी असलेलं न्हाणीघर मिळालं, हे मी कमी मानत नाही. गिरणी कामगारांच्या घरांचा हिशेब इतका सुखाचा नाही. 2012 च्या पहिल्या मोठ्या सोडतीत 6,925 घरं होती, आणि आलेले अर्ज पुढं पावणेदोन लाखांच्या आसपास गेले. म्हाडाच्या वाट्याला 'मोकळ्या' जमिनीचाच तुकडा आल्यावर घरं उभी राहणार कुठं? मग दूरच्या शेलू-वांगणीची नावं निघतात, आणि जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर म्हातारे कामगार पुन्हा घोषणा देताना दिसतात.

आणि आता एक मोठी बाग येऊ घातली आहे. महालक्ष्मी रेसकोर्सची जमीन सुमारे 211 एकर. तिचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला होता. 2024 मध्ये ठरलं, की त्यातले 120 एकर महापालिकेकडे येतील आणि 91 एकर घोड्यांच्या शर्यतींसाठी राहतील. शेजारीच समुद्रात भराव घालून किनारी रस्ता झाला. तो मार्च 2024 पासून टप्प्याटप्प्यानं खुला झाला. त्याच्या भरावावरचे 175 एकर मिळून जवळजवळ तीनशे एकरांचं उद्यान करायची योजना आहे. ऑगस्ट 2025 मध्ये समुद्राकडच्या पदपथाचा मोठा भाग लोकांना चालायला मिळाला. संध्याकाळी तिथं वारा सुरेख असतो.

तीनशे एकर हा आकडा गिरण्यांच्या हुकलेल्या दोनशे एकरांपेक्षा मोठा आहे, मग तक्रार कसली, असं कुणी विचारील. तक्रार नाही, पण हिशेबात एक फरक आहे. गिरण्या होत्या वस्तीच्या मध्ये, हा भराव आहे शहराच्या काठावर, वाहत्या रस्त्याच्या पलीकडे. तिथं पायी जायचं तर भुयारी मार्ग. तरण्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही. गुडघे दुखणारी आजी आणि शाळेतून आलेलं पोर यांचा विचार केला तर मैदान घरापासून दहा मिनिटांत हवं. गिरणगावात जी थोडी मैदानं आहेत त्यांचा जीव त्यातच होता: परळचं कामगार मैदान, नरे पार्क, वरळीचं जांबोरी मैदान, आमच्या मदनपुऱ्याचं झुला मैदान. तिथं कबड्डीचे सामने झाले, सभा झाल्या, लग्नाच्या पंगती उठल्या. बार्शीहून आलेले शाहीर अमर शेख गिरणगावच्या मैदानांत ध्वनिक्षेपकाशिवायही शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत, असं मामू सांगायचे, आणि ज्या माणसाला जवळचं बोलणं ऐकू येत नसे त्याची ही साक्ष मी खरी मानतो.

लहान बागा वस्तीतच पेरायच्या, ही कल्पना या शहराला नवी नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दादर-माटुंग्याची आखणी केली तेव्हा घरांच्या मधोमध बागा सोडल्या. माटुंग्याच्या पाच उद्यानांत आजही बाकांवर जागा मिळत नाही.

2018 मध्ये मंजूर झालेला, 2034 पर्यंतचा विकास आराखडा महापालिकेच्या संकेतस्थळावर बघायला मिळतो. त्यात आपल्या विभागाचा नकाशा शोधा. बागा आणि मैदानं हिरव्या रंगात दाखवलेली असतात. मग पायात चपला घालून त्या हिरव्या चौकोनापर्यंत चालत जा. बाग असेल तर फाटक किती वाजता बंद होतं ते बघा. नुसतं पत्र्याचं कुंपण असेल तर नगरसेवकाला नकाशावरचा तो तुकडा दाखवा आणि विचारा, की ही जागा लोकांना कधी मिळणार.