क्वेकर आचारधर्म

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) याच्या प्रेरणेने उदयास आलेल्या ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांची नित्य जीवनातील आचारपद्धती. हे अनुयायी स्वतःस ‘फ्रेंड्स’ म्हणजे मित्र म्हणवीत. ‘क्वेकर’, म्हणजे थरथर कापणारा, हे नाव मुळात उपहासाने पडले. १६५० मध्ये डर्बी येथे फॉक्सला न्यायाधीशापुढे उभे करण्यात आले, तेव्हा परमेश्वराच्या वचनापुढे थरथरा कापावे, असे त्याने न्यायाधीशाला सुनावले आणि न्यायाधीशाने तोच शब्द उलट त्याच्यावर फेकला, अशी हकिकत फॉक्सच्या रोजनिशीत आहे. पुढे पंथीयांनी हे नाव निमूटपणे स्वीकारले.

प्रत्येक माणसाच्या ठायी ख्रिस्ताचा अंतःप्रकाश वास करतो व त्याच्या मार्गदर्शनासाठी धर्मगुरूची मध्यस्थी लागत नाही, ही या पंथाची मूळ धारणा होय. तीवरून दोन निष्कर्ष निघाले. एक, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) व प्रभुभोजन यांसारखे बाह्य संस्कार अनावश्यक ठरले. दुसरा, जेवण, बोलणे, देवघेव, विवाह, मृत्यू यांपैकी कोणताही प्रसंग धर्माच्या कक्षेबाहेर राहिला नाही. बहुतेक ख्रिस्ती संप्रदायांची ओळख त्यांच्या श्रद्धासूत्रांवरून पटते. क्वेकरांनी बंधनकारक श्रद्धासूत्र असे स्वीकारलेच नाही. त्याच्या जागी त्यांच्याकडे ‘साक्ष’ ही कल्पना आहे. साक्ष द्यावयाची ती आचरणाने. त्यामुळे या पंथाचा इतिहास सांगताना धर्मशास्त्रीय वादांपेक्षा टोपी, सर्वनाम, दुकानातील भाव असल्या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींचाच उल्लेख अधिक करावा लागतो.

सर्वनामाचा प्रश्न मराठी वाचकास सहज समजण्याजोगा आहे. त्या काळच्या इंग्रजीत एका व्यक्तीस उद्देशून ‘दाऊ’ (तू) व अनेकांस उद्देशून ‘यू’ (तुम्ही) असा भेद होता. परंतु प्रतिष्ठित व्यक्ती एकटी असली, तरी तिला आदरार्थी ‘यू’ म्हणण्याचा प्रघात रूढ झाला होता. नोकराला, मुलाला ‘दाऊ’ आणि जमीनदाराला ‘यू’ अशी ही उतरंड होती. एकाला अनेक म्हणणे हे असत्य आहे व ते मनुष्याच्या अहंकाराला खतपाणी घालते, असे म्हणून क्वेकरांनी सर्वांनाच ‘दाऊ’ म्हणण्यास प्रारंभ केला. फॉक्स व त्याचे सहकारी यांनी १६६० मध्ये अनेक भाषांतील एकवचनी व अनेकवचनी सर्वनामांचे दाखले देणारा बॅटल-डोर हा ग्रंथही याच कारणासाठी प्रसिद्ध केला. प्रार्थनेत प्रत्यक्ष देवाला जर एकवचनाने हाक मारता, तर न्यायाधीशाला ते का बोचावे, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. विठ्ठलाला ‘तू’ म्हणणारा आणि पाटलाला ‘तुम्ही’ म्हणणारा मराठी माणूसही या प्रश्नाला सहजी उत्तर देऊ शकणार नाही. प्रत्यक्षात मात्र या एका शब्दापायी अनेकांनी मार खाल्ला. मुलाने वडिलांना ‘दाऊ’ म्हणणे हा त्या काळी केवळ भाषेचा प्रमाद नव्हता. घरातून हाकलून देण्यास तेवढे कारण पुरे होई.

या आचाराचे पुढे जे झाले, ते लक्षणीय आहे. इंग्रजीत कालांतराने ‘यू’ हेच सर्वांसाठी रूढ झाले, म्हणजे क्वेकरांना अभिप्रेत असलेली समता भाषेने उलट्या मार्गाने साधली. क्वेकर मात्र आपल्या जुन्या रूपाला, तेही ‘दाऊ’ऐवजी व्याकरणदृष्ट्या चुकीच्या ‘दी’ या रूपाला, चिकटून राहिले. जो शब्द माणसामाणसांतील भिंत पाडण्यासाठी वापरला, तोच पंथ व समाज यांमधील भिंत होऊन बसला. वारांच्या व महिन्यांच्या नावांत अन्य देवतांचा उल्लेख येतो, म्हणून ‘पहिला दिवस’, ‘तिसरा महिना’ असे म्हणण्याची प्रथाही अशीच पंथचिन्ह बनून राहिली.

मनुष्यापुढे टोपी काढावयाची नाही, ती फक्त प्रार्थनेच्या वेळी देवापुढे काढावयाची, हाही असाच एक निर्बंध. १६७० मध्ये विल्यम पेन (१६४४–१७१८) व विल्यम मीड यांच्यावर लंडनच्या रस्त्यात सभा भरविल्याबद्दल खटला झाला. दोघे बोडक्यानेच न्यायालयात आले होते; न्यायासनाच्या हुकमावरून त्यांच्या डोक्यांवर टोप्या ठेवण्यात आल्या आणि मग त्या न काढल्याबद्दल प्रत्येकी ४० मार्क दंड करण्यात आला. खटल्याचे खरे महत्त्व पुढे आहे. पंचांनी आरोपींना दोषी ठरविण्याचे नाकारले, तेव्हा त्यांना अन्नपाण्यावाचून कोंडण्यात आले व दंड न भरल्यामुळे तुरुंगात टाकण्यात आले. त्यांपैकी बुशेल याच्या अर्जावर वरिष्ठ न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने, पंचांना त्यांच्या मताबद्दल शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व इंग्लिश विधीत प्रस्थापित झाले.

शपथेचा नकार हा सर्वांत महाग पडलेला आचार होय. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्ताने शपथ वाहू नये, होकार हा होकार व नकार हा नकार एवढेच बोलणे असावे, असे सांगितले आहे. क्वेकरांनी ते शब्दशः घेतले. न्यायालयात शपथेवर खरे बोलावयाचे, याचा अर्थ एरवी खोटे बोलण्याची मुभा आहे असा होतो. सत्याची अशी दोन मापे त्यांना मान्य नव्हती. परिणामी त्यांना साक्ष देता येईना, फिर्याद करता येईना, अधिकारपद स्वीकारता येईना. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दीत राजनिष्ठेची शपथ हे तर क्वेकरांना अडकविण्याचे सोयीचे साधनच झाले. अन्य आरोप टिकत नसला, की न्यायाधीश शपथेचे पुस्तक पुढे करीत. फॉक्सची सहकारिणी (व पुढे पत्नी) मार्गारेट फेल हिला १६६४ मध्ये याच कारणावरून मालमत्तेच्या जप्तीची व कारावासाची शिक्षा झाली आणि ती १६६८ पर्यंत तुरुंगात होती. १६६२ चा क्वेकरविरोधी अधिनियम व त्यानंतरचे सभाबंदीचे कायदे यांखाली हजारो पंथीय तुरुंगात गेले आणि शेकडो तेथेच मरण पावले. अमेरिकेतील बॉस्टन येथे तर १६५९ ते १६६१ या काळात मेरी डायरसह चौघांना फाशी देण्यात आले. १६८९ च्या सहिष्णुता अधिनियमाने उपासनेची मोकळीक मिळाली. १६९६ मध्ये शपथेऐवजी गंभीर कथन करण्याची सवलत मिळाली. या कथनातही देवाच्या नावाचा उल्लेख होता, म्हणून काहींनी तीही नाकारली व १७२२ मध्ये अधिक साधा मसुदा मान्य झाला. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ किंवा दृढकथन असा जो विकल्प आहे, त्याच्या पूर्वेतिहासातील हे एक मुख्य प्रकरण होय.

व्यापारातही हाच न्याय लावण्यात आला. विक्रेत्याने अधिक सांगावे, गिऱ्हाइकाने कमी मागावे आणि दोघांनी मध्ये कोठे तरी यावे, या घासाघिशीत दोघेही जाणूनबुजून असत्य बोलतात, असे क्वेकरांचे म्हणणे. त्यांनी एकच भाव सांगण्याचा नियम केला. या विक्षिप्त, टोपी न काढणाऱ्या दुकानदारांकडे प्रारंभी गिऱ्हाईक फिरकेना. पण लहान मुलाला पाठविले तरी फसवणूक होत नाही, असे अनुभवास आल्यावर गर्दी होऊ लागली, असे फॉक्सने लिहिले आहे. दिवाळखोरी हा केवळ व्यावहारिक अपघात न मानता तीबद्दल पंथातून बहिष्कृत करण्यात येई. पतपेढीच्या व्यवसायात बार्क्ले, लॉइड, गर्नी या क्वेकर घराण्यांना जे यश लाभले, त्याच्या मुळाशी ही पत होती. विद्यापीठे व सरकारी पदे बंद असल्यामुळे बुद्धिमान तरुण व्यापाराकडेच वळत, हेही कारण दृष्टीआड करता येत नाही.

नित्याची निवड हीच उपासना, या विचाराचे सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणजे न्यू जर्सीतील जॉन वुलमन (१७२०–७२) होय. तो ऐन तारुण्यात एका दुकानात नोकरीस असताना मालकाने त्यास एका निग्रो स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. गिऱ्हाईक थांबलेले, मालकाचा हुकूम, विकत घेणाराही वयोवृद्ध क्वेकर. वुलमनने खत लिहिले. लिहिताना मात्र, गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे त्याने दोघांना सांगितले. एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. पुन्हा तशी वेळ आली, तेव्हा त्याने सरळ नकार दिला व पुढे मृत्युपत्रांत गुलामांची वाटणी लिहिण्यासही तो नाकारू लागला. दुकान भरभराटीस येऊ लागले, तेव्हा चित्त विचलित होते म्हणून त्याने ते बंद करून शिंपीकाम धरले. गुलाम बाळगणाऱ्या घरी मुक्काम पडल्यास तो गुलामांना त्यांच्या सेवेचे मोल देई. साखर गुलामांच्या श्रमांतून येते म्हणून त्याने ती सोडली आणि रंगविलेले कापडही वर्ज्य केले. त्याच सुमारास पांढऱ्या टोप्यांची टूम निघाली होती. त्यामुळे त्याच्या न रंगविलेल्या टोपीवरून तो छानछोकीच्या नादी लागला की काय, अशी शंका काही पंथबांधवांना आली, ही गमतीची गोष्ट त्याने स्वतःच नमूद केली आहे. १७७२ मध्ये तो जहाजाच्या खालच्या वर्गातून खलाशांबरोबर इंग्लंडला गेला, घोड्यांचे व पोरसवदा गाडीवानांचे हाल पाहून टपालगाडी टाळून पायी फिरला आणि यॉर्क येथे देवीच्या रोगाने मरण पावला. वुलमनने कोणाची निर्भर्त्सना केल्याचे आढळत नाही. तो घरोघर जाऊन बोलत असे. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना पंथात स्थान नाही असे ठरविले, त्यामागे वुलमन व अँथनी बेनेझेट यांचे हे दीर्घकालीन प्रयत्न होते. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध १७८७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या समितीच्या १२ संस्थापकांपैकी ९ क्वेकर होते.

या सर्व आचारांचे उगमस्थान म्हणजे मौन उपासना. साध्या दालनात सर्वांनी एकत्र बसावयाचे; वेदी नाही, धर्मगुरू नाही, ठरलेली प्रार्थना नाही. साधारण तासभर शांतता असते. एखाद्यास आतून प्रेरणा झाली, तर तो उठून थोडके बोलतो व पुन्हा सर्व शांत होते. कित्येकदा कोणीच बोलत नाही. ही एकांतातील ध्यानधारणा नव्हे. एकत्र बसून एकत्र वाट पाहणे, असे तिचे स्वरूप आहे. बोलण्याचा अधिकार स्त्रियांना प्रारंभापासून आहे आणि मार्गारेट फेलने १६६६ मध्ये त्याच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिली होती. जेवणापूर्वीची प्रार्थनाही बहुधा मूकच असते. पंथाचे कामकाजही उपासनेच्याच पद्धतीने चालते. मतदान होत नाही. सभेचा कल काय आहे हे कार्यवाह शब्दबद्ध करतो आणि तो सर्वांना पटेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी लागते. गुलामगिरीच्या प्रश्नावर हे थांबणे फार लांबले. फिलाडेल्फियानजीकच्या जर्मनटाउन येथील निषेधपत्र १६८८ चे आहे. निर्णय झाला तो ८८ वर्षांनी. या पद्धतीचे गुणगान करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावयास हवा.

एकोणिसाव्या शतकात एलिझाबेथ फ्राय (१७८०–१८४५) हिने न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांसाठी केलेले कार्य आणि कॅडबरी, राउंट्री, फ्राय या चॉकलेट उत्पादकांनी कामगारांसाठी केलेल्या सोयी सर्वश्रुत आहेत. मात्र भांडवली व्यापाराच्या विस्तारात वैयक्तिक सचोटी कितपत पुरते, याची कसोटीही याच व्यवसायात लागली. पोर्तुगीजांच्या ताब्यातील साओ टोमे बेटावरील कोकोच्या मळ्यांत गुलामसदृश मजुरी चालते, हे कॅडबरींच्या कानी १९०१ मध्ये आले. तेथील कोको घेणे त्यांनी थांबविले ते १९०९ मध्ये. मधल्या काळात चौकशी व वाटाघाटी चालू होत्या, असे त्यांचे समर्थन. लंडनच्या एका वृत्तपत्राविरुद्धचा बदनामीचा दावा त्यांनी जिंकला, परंतु भरपाई मिळाली एका फार्दिंगची. साखर सोडणाऱ्या वुलमनच्या परंपरेत हे प्रकरण अस्वस्थ करणारे आहे.

युद्धास नकार ही साक्ष दोन्ही महायुद्धांत रुग्णसेवा व मदतकार्य या रूपांनी प्रकट झाली. ब्रिटिश व अमेरिकन क्वेकर सेवासंस्थांना १९४७ चा शांतता नोबेल पुरस्कार संयुक्तपणे देण्यात आला. आज सर्वाधिक क्वेकर केन्यात आहेत. तेथे १९०२ मध्ये कैमोसी येथे अमेरिकन मिशन सुरू झाले. तेथील, तसेच अमेरिकेतील अनेक सभांत धर्मोपदेशक, गायन व प्रवचन असते. मौन उपासना हे सर्वच क्वेकरांचे लक्षण आता राहिलेले नाही.

भारतात ब्रिटिश क्वेकरांचे कार्य प्रामुख्याने मध्य प्रदेशातील होशंगाबाद (सध्याचे नर्मदापुरम) परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. हॉरेस अलेक्झांडर व अगाथा हॅरिसन यांनी महात्मा गांधी व ब्रिटिश राज्यकर्ते यांच्यातील दुवा म्हणून काम केले. मार्जरी साइक्स (१९०५–९५) यांनी वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे नयी तालीमच्या कार्यात अनेक वर्षे घालविली.